फुलं गळली म्हणून झाड टाकू नकोस

पुणे
७ डिसेंबर

प्रिय नंदे,

काल फोनवर तू म्हणालीस, "मेलं गं ते ऑर्किड, रविवारी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकते," आणि मी पुढचं बोलेपर्यंत तुझ्या दारावरची बेल वाजली. रात्री मला झोप लागेना. सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर तुला दोनच शब्द पाठवले, "टाकू नकोस." बाकीचं या पत्रात लिहिते आहे. फोनवर ते सांगून व्हायचं नाही, आणि कुंडी पुढ्यात घेऊन वाचायला कागद हाताशी असलेला बरा.

नंदे, तुझं ऑर्किड मेलेलं नाही. ऑगस्टअखेर निरोपसमारंभात बँकेच्या शाखेतल्या मंडळींनी ते दिलं तेव्हा तू फोटो पाठवला होतास. कमानदार दांड्यावर ओळीनं बसलेली नऊ पांढरी फुलं. ती अडीच महिने राहिली. या जातीचं, फॅलेनॉप्सिसचं, फूल तेवढंच टिकतं, दोन ते तीन महिने. मग ते गळतं आणि झाड पानं-मुळं वाढवायच्या मागे लागतं. फुलांची मला काळजीच नाही. काळजी वाटली ती तू सहज सांगून गेलीस त्याची: "अगं, रोज न चुकता वाटीभर पाणी घालते." आणि तेही त्या खाली भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत!

आंबोली आठवते का तुला? कोल्हापूरच्या कॉलेजातली जूनअखेरची सहल, धुकं, सगळ्यांचे पाय चिखलानं माखलेले. एका जुन्या झाडावर सीतेची वेणी, ते रानातलं ऑर्किड, लोंबत होती आणि आपण खाली माना वर करून उभ्या. तिची मुळं मातीत नव्हतीच. काही सालीवर पसरलेली, काही नुसती हवेत लोंबणारी, ओली हिरवीगार. तू विचारलंस, "सर, मग हे खातं काय?" सर म्हणाले, हे बांडगूळ नव्हे, झाडाचा रस पीत नाही, याला बसायला फक्त फांदी लागते. नंतर प्रयोगशाळेत आपण वँडा नावाच्या ऑर्किडच्या मुळाचा आडवा छेद घेतला. बाहेरून मेलेल्या पेशींचा जाड थर, वेलामेन. तुझ्या जर्नलमधली ती आकृती अर्ध्या वसतिगृहानं उतरवून घेतली होती. तू बँकेत गेलीस आणि ते सगळं कोल्हापुरातच राहिलं. पण नंदे, तुझ्या हॉलमधल्या कुंडीत आहे तो तोच थर. नीट बघ एकदा.

कोरडा असताना त्या थरात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की तो स्पंजासारखं ते पितो आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसायला लागतो. पाणी कधी घालायचं हे झाडच असं रंगानं सांगतं. मुळं हिरवी आहेत तोवर हात लावू नकोस. चंदेरी झाली, कुंडी उचलून हलकी लागली, की सकाळच्या वेळी मनसोक्त पाणी घाल आणि सगळं निथळू दे. माझ्याकडे पुण्यात हिवाळ्यात आठ-नऊ दिवसांनी पाणी लागतं, पावसाळ्यात कधी बारा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये चार दिवसांत मुळं पांढरी पडतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर लागेल. दिवस मोजू नकोस, मुळं बघ.

माझं पहिलं ऑर्किड मी पाण्यानंच मारलं. तुला कधी सांगितलं नाही, कारण ते आईनं तिच्या शेवटच्या वाढदिवसाला मला दिलं होतं. पानं सुरकुतली, मला वाटलं तहानलंय, म्हणून मी पाणी वाढवलं. खाली बशीत पाणी साचून राहिलेलं. मुळांना हवा मिळेना, ती कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं आणखी सुरकुतली, आणि मी आणखी पाणी घातलं. शेवटी झाड हातात उचललं तर वर पानं आणि खाली काहीच नाही. किती दिवस मी त्या रिकाम्या कुंडीकडे बघू शकत नव्हते. म्हणून तुझं ते वाटीभर पाणी ऐकलं आणि पोटात गोळा आला.

तर रविवारी कचऱ्याच्या गाडीची वाट बघण्याऐवजी एवढं कर. चिनी मातीच्या कुंडीतून आतली प्लास्टिकची पारदर्शक कुंडी काढ, मग झाड अलगद सोडव. मुळांच्या मधोमध बहुधा शेवाळाचा एक घट्ट गोळा सापडेल. रोपवाटिकेत रोप लहान असताना घातलेला असतो तो. बाहेरून सगळं वाळलं तरी आत ओलाच राहतो. तो बोटांनी सोडवून काढून टाक. मग एकेक मूळ दाबून बघ. टणक लागलं, मग ते हिरवं असो की चंदेरी, तर ते जिवंत. तपकिरी, पोकळ, ओढल्यावर साल निघून नुसता दोरा हातात राहिला तर मेलेलं. तेवढी कात्रीनं काप, पण कात्री आधी स्पिरिटनं पूस. तीन-चार टणक मुळं निघाली तरी झाड उभं राहील. माझं आत्ताचं झाड चारच मुळांवर घरी आलं होतं, त्याला सहा वर्षं झाली.

परत लावताना माती अजिबात नको. झाडाची साल, लाकडी कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, सुपारीएवढे. नागपूरची हवा कोरडी, तेव्हा सोडण जरा जास्त घे, ते ओल धरून ठेवतं. पण त्यात क्षार असतात, म्हणून दोन दिवस भिजत घाल आणि चार-पाच वेळा पाणी बदल. कुंडी आधीचीच घे. मोठी घ्यायचा मोह होईल, तो आवर. कापलेल्या मुळांना आठवडाभर पाणी देऊ नकोस. चिनी मातीची कुंडी शोभेला वापर हवी तर, मात्र पाणी घालताना आतली बाहेर काढायची आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवायची. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी राहिलं तर कापसानं टिपून घे, तिथूनच झाड सडतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्याचे पांढरे डाग मुळांवर बसतात. पिण्याचं पाणी वापर, आणि पावसाळ्यात गच्चीवर घमेलं ठेव.

उजेडाचं सोपं आहे: पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन, नंतर नुसता उजेड. पान फार गडद हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय, पिवळट-लालसर झालं तर जास्त होतोय.

आता हे लगेच का कर म्हणते ते सांगते. या झाडाला नवा दांडा फुटायला थंड रात्री लागतात. तीन-चार आठवडे रात्री १६ ते १८ अंशांच्या आसपास राहिल्या, तर पानाच्या बेचक्यातून दांडा निघतो. म्हणून मुंबईत माझ्या बहिणीचं झाड नुसतं पानं काढत बसतं आणि माझ्याकडे डिसेंबरच्या मध्याला दांडा डोकावतो. तुमच्याकडे तर बाहेर इतकी थंडी असते की ती त्याला सोसायची नाही, म्हणून खिडकीच्या आतच ठेव आणि रात्री काच लाव. बेचक्यातून काही फुटलं तर मूळ की दांडा हे ओळखायला शीक: मुळाचं टोक गोल, चकचकीत; दांड्याचं टोक चपटं, बोटमोज्यासारखं, आणि ते वर वळतं. यंदा मुळं भरण्यातच त्याची शक्ती गेली तर दांडा पुढच्या वर्षी येईल. खंतावू नकोस. आताचा रिकामा दांडा मात्र बुडाशी काप. धट्टंकट्टं झाड असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापून पुन्हा फुलं मिळतात, पण तुझ्या झाडाकडून मी आत्ता ते मागणार नाही.

नवी पानं दिसायला लागली की १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. त्याहून जास्त दिलं तर मुळांची टोकं जळतात.

आणि आंबे! दोन वर्षांपूर्वी माझ्या झाडावर अकरा कळ्या होत्या. एप्रिलमध्ये हापूसची पेटी आली, मी अढी लावायला ती त्याच खोलीत ठेवली. चार दिवसांत एकेक कळी पिवळी पडून गळाली. मी ऊन बघितलं, पाणी बघितलं, पानं उलटी करून कीड शोधली, काही सापडेना. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि या कळ्यांना तो मुळीच सोसत नाही, हे कळेपर्यंत अकराही गेल्या होत्या. तुमच्याकडे केळ्यांचा फणा डायनिंग टेबलावर असतोच. कळ्या धरल्या की झाड दुसऱ्या खोलीत हलव. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतली ओलसर हवा त्याला मानवेल, फक्त थेट झोतात ठेवू नकोस.

या झाडाचं नाव फॅलेनॉप्सिस, ग्रीकमध्ये दिव्यावर येणाऱ्या पतंगासारखं दिसणारं. १८२५ साली ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं जावात काम करताना ते दिलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पांढरी फुलं खरंच अंधारात तरंगणाऱ्या पाकोळ्यांसारखी दिसतात. इंडोनेशियातले लोक मात्र त्याला चंद्राचं ऑर्किड म्हणतात, त्यांच्या राष्ट्रीय फुलांपैकी ते एक आहे. मला त्यांचं नाव जास्त आवडतं.

निवृत्तीनंतर सकाळ खायला उठते असं तू म्हणत होतीस. मला तुझा हेवा वाटला, खरं सांगते. सकाळी दहा मिनिटं एका झाडाची मुळं बघायला मिळावीत म्हणून मी किती वर्षं लवकर उठत होते.

रविवारी मुळांचे फोटो पाठव, चारी बाजूंनी. कापायच्या आधी पाठव. भाऊजींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझी
शुभा

ता. क. पानाखाली कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून पुसून काढ आणि आठवड्यानं पुन्हा बघ. सोडण तिकडे मिळत नसेल तर कळव. माझ्याकडे भिजवून वाळवलेलं पिशवीभर आहे, कुरियरनं धाडते.