नानांसाठी नासपती

पुणे
गौरी-विसर्जनाचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, धड बोलता आलं नाही. नानांचं पोट साफ होत नाही, रोज रात्री चूर्ण चालू आहे आणि शुगरच्या धास्तीने त्यांनी फळंच सोडलीत, एवढं कळलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

गणपतीपुढच्या पाच फळांतली नासपती तुझ्याकडे अजून पडून असणार. डाळिंब, सफरचंद पोरं संपवतात, केळ्यांचं शिकरण होतं, हिला मात्र कुणी हात लावत नाही. तीच नानांना दे.

आधी तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नकोस. ‘जीवनसत्त्वांचा खजिना’ वगैरे सगळं थोतांड. शंभर ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व जेमतेम 4 मिलिग्रॅम. पेरूत ते दोनशेच्या वर असतं. हिचा खरा गुण म्हणजे चोथा. मध्यम आकाराच्या एका फळात पाच ग्रॅमच्या आसपास तंतू आणि उष्मांक शंभरेक. शिवाय तिच्यात सॉर्बिटॉल नावाची साखरेसारखी एक गोड गोष्ट असते. ती आतड्यात पुरती शोषली जात नाही, पाणी ओढून घेते, त्यामुळे शौचाला मऊ होते. मात्र ज्यांचं पोट आधीच गुबारतं त्यांना याच सॉर्बिटॉलने गॅस धरतो. म्हणून सुरुवात अर्ध्या फळापासून.

शुगरचं म्हणशील तर शंभर ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम साखर, पण ती रक्तात सावकाश चढते. चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद करून त्या जागी ही दिली तर बिघडू नये. तरी त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. रस मात्र अजिबात काढू नकोस. चोथा गाळून टाकायचा आणि साखर तेवढी प्यायची, याला काय अर्थ आहे! सालही काढायची नाही, चांगली चोळून धुवायची.

आता पिकवण्याचं, कारण सगळं तिथेच फसतं. काश्मीर-हिमाचलकडून येणारं ते मऊ, रसाळ बब्बूगोशा (नासपतीचीच एक जात) झाडावर पिकू देत नाहीत. झाडावर राहिलं तर गाभ्याकडून मऊ पडत जातं आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणून कडक असतानाच उतरवतात. घरी आणून दोन-चार दिवस ओट्यावर राहू दे. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकल्या केळ्याबरोबर ठेव, केळ्याच्या इथिलीन वायूने लवकर पिकतं. रंगावर जाऊ नकोस. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघ. तिथे दबलं की झालं तयार, मग फ्रिजमध्ये टाक. पोटाकडून मऊ लागेपर्यंत थांबलास तर आतला गर गेलेला असतो.

पंजाबची पत्थरनाख ही निराळी जात. ती करकरीतच खायची, दाताखाली जरा रवाळ लागते. मला विचारशील तर तिची कोशिंबीर एक नंबर. सालासकट बारीक फोडी, चिरल्या चिरल्या लिंबू पिळायचं (नाहीतर काळ्या पडतात), दाण्याचं कूट, मीठ, वरून जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी आणि वाढायच्या वेळी दही. आमच्याकडे काकडी महाग झाली की हीच होते. नानांना तिखट चालत नसेल तर मिरची वगळ.

आणि हो, नानांची नवी कवळी बसली का? अजून टोचत असेल तर ही कोशिंबीर राहू दे. पिकलेल्या फळाच्या फोडी पाच-सात मिनिटं वाफवून, चिमूटभर वेलची घालून चमच्याने खायला दे. तेवढ्यापुरती साल काढलीस तरी चालेल. पाणी भरपूर प्यायला लाव, नाहीतर नुसता चोथा पोटात जाऊन उलट आणखी घट्ट होईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या