बंद केला की जागा विसरणाऱ्या प्लेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : खोक्यावर 'रिझ्यूम प्ले' छापलेले असूनही बंद केल्यावर जागा विसरणारा आपला एमपी३ प्लेअर, सॉफ्टवेअर दुरुस्त करून मिळणे किंवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून आपल्या कंपनीचा बटणांचा छोटा प्लेअर २,१५० रुपयांना घेतला. तो गाण्यांसाठी घेतला नव्हता. आईला कादंबऱ्या ऐकायच्या होत्या. घेण्याआधी तीन दुकानं फिरलो आणि तिन्हीकडे एकच गोष्ट विचारली : बंद करून पुन्हा लावला तर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे वाजेल का? दोघांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने आपल्या कंपनीच्या प्लेअरचं खोकं पुढे केलं. त्यावर ठळक अक्षरांत 'रिझ्यूम प्ले' छापलेलं होतं. दुकानातच एक गाणं लावलं, मध्येच थांबवलं, पुन्हा बटण दाबलं, तर तिथूनच सुरू झालं. मी पैसे दिले.

घरी आल्यावर कळलं की तपासायला हवं होतं ते वेगळंच. थांबवून ठेवलेल्या प्लेअरला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की बॅटरी वाचवण्यासाठी तो आपोआप बंद होतो. नंतर लावला की फाइल तीच येते, पण अगदी सुरुवातीपासून. मध्ये एफएम रेडिओ ऐकला असेल तर फाइलही जाते आणि फोल्डरमधली पहिली सुरू होते. दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटं थांबून हे कोण बघणार?

ही तक्रार मी एवढी लांबवून का लिहितो आहे, ते आता सांगतो. माझी आई विडी कामगार आहे. आम्ही विडी घरकुलात राहतो. घरात तेलुगू बोलतो, तिला अम्मा म्हणतो, पण ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि वाचनाची गोडी तिला तिथेच लागली. आता डोळे साथ देत नाहीत आणि हात दिवसभर रिकामे नसतात. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. दिवसाला सातशे-आठशे विड्या होतात. ओल्या, तंबाखूने माखलेल्या बोटांनी मोबाइलची काच चालत नाही, म्हणून तर बटणांचं यंत्र शोधत होतो.

कादंबऱ्या माझी बहीण वाचते. ती लग्न होऊन भिवंडीला असते. रात्री मुलं झोपली की ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक ती फोनवर मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते आणि मला पाठवते. मी ते कार्डावर भरतो. सध्या चालू असलेली कादंबरी अकरा तासांची आहे, एकेक फाइल तास-सव्वा तासाची. अम्मासाठी त्यात गोष्ट तर आहेच, शिवाय लेकीचा आवाज आहे. वाचता वाचता मध्येच पाणी प्यायचा आवाज येतो, एकदा तर धाकट्याचं रडणंही आलं आहे. ते अम्माने काढून टाकू दिलं नाही.

आता आपलं यंत्र काय करतं ते पाहा. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की हातातलं सूप खाली ठेवून उठावंच लागतं. पिंप, घागरी, बादल्या भरून होईपर्यंत तास जातो. परत येऊन ती बटण दाबते आणि बहिणीचा आवाज पहिल्या वाक्यापासून सुरू होतो. पुढे न्यायचं बटण दाबून धरून ५२व्या मिनिटापर्यंत पोहोचायला मी घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं लागली. अंगठा जरा सुटला की फाइलच बदलते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अम्माने उपाय काढला : उठायच्या आधी पडद्यावरचा आकडा नातवाला वाचायला लावते आणि तो कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितो. नातू शाळेत असला की तेही नाही. हल्ली ती पाणी भरायला जाताना प्लेअर थांबवतच नाही. गोष्ट रिकाम्या खोलीत वाजत राहते आणि तेवढा भाग तिचा राहून जातो.

आपल्या ग्राहक सेवेला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं की ही सोय गाण्यांसाठी आहे. तसं असेल तर खोक्यावर तसं लिहायला हवं होतं. चार मिनिटांचं गाणं पहिल्यापासून लागलं तर कुणाचं फारसं बिघडत नाही. जागा लक्षात ठेवण्याची खरी गरज लांबलचक वाचनालाच असते. दुसऱ्यांदा सांगितलं की फाइलींचे लहान तुकडे करा. तेही केलं. पाच-पाच मिनिटांचे केले तर अकरा तासांचे १३२ तुकडे झाले. त्यांना साधे आकडे दिले तर आपला प्लेअर १ नंतर १०, मग १०० वाजवतो. सगळ्या नावांपुढे शून्यं लावत बसलो, एक रविवार त्यातच गेला. आणि रेडिओ लावला की १३२ तुकड्यांतला कुठला चालू होता, हे शोधायचं काम वेगळंच.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कृपया सांगू नये. जागा लक्षात ठेवायची म्हणजे फाइलची ओळख आणि सेकंदांचा आकडा एवढंच साठवायचं. हा आकडा मोजक्या बाइटांत मावतो. वीज गेली तरी पुसली न जाणारी मेमरी यंत्रात आहेच, तिच्यात आवाज कमी-जास्त केल्याची नोंद राहते. बंद होण्याआधी एकदा लिहिलं तरी पुरे. ॲपलच्या आयपॉडवर ऑडिओबुक थांबलं तिथूनच पुढे वाजायचं. जुन्या प्लेअरवर घालता येणाऱ्या रॉकबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बुकमार्क आहेत. आणि आमच्या वडिलांच्या टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून शेजाऱ्यांच्या टेपमध्ये घातली तरी तिथूनच वाजायची.

माझी मागणी अशी. आपोआप बंद झाल्यावर, हाताने बंद केल्यावर आणि रेडिओवरून परत आल्यावरही प्रत्येक फाइलची जागा टिकेल असं सॉफ्टवेअर द्यावं. दुकानदार ते भरून देणार असेल तर मी प्लेअर घेऊन नवी पेठेत जाईन. ते शक्य नसेल तर २,१५० रुपये परत करावेत. आणि पुढच्या खोक्यांवरून 'रिझ्यूम प्ले' हे शब्द काढावेत किंवा बंद केल्यावर जागा राहत नाही हे त्यांच्याच शेजारी छापावं, म्हणजे माझ्यासारखा दुसरा कुणी फसणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. तसं करावं लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण अम्माला आयोगाचा निकाल नको आहे. तिला सहाव्या फाइलच्या ३८व्या मिनिटापुढचं ऐकायचं आहे.

आपला,
एक ग्राहक
विडी घरकुल, सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, प्लेअर आपोआप बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतानाचा व्हिडिओ, कॅलेंडरच्या पानाचा फोटो.