रंग शेवटी

प्रिय मंजे,

चार महिने तुझा फोन घेतला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. पाठ दुखते तशीच, आई बरी आहे.

सोमवारी किरणोत्सारी गॅलियम देणारा जनरेटर दुसऱ्यांकडे होता, म्हणून आमच्या दुहेरी रेणूत (गॅलियम पेट स्कॅनसाठी, रंग कॅमेऱ्यात चमकायला) साधं, थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेलं गॅलियम घालून रिअ‍ॅक्शन लावली. व्हायल ब्लॉकमध्ये ठेवली तेव्हा आत मोरपंखी होतं. ९५ अंशांवर पंधरा मिनिटं. बाहेर काढली तर पाच वर्षं धुतलेल्या गणवेशासारखं फिकट! आणि कानात तुझा आवाज: "शुभे, रंग शेवटी." रंग शेवटी जोडायचा की आधी, यावरून गच्चीवर झालेल्या त्या भांडणानंतर आपण दोन दिवस बोललो नव्हतो.

एरवी हे दिसणार कसं? गॅलियम-६८ असलं की व्हायल शिशाच्या भांड्यात. ६८ मिनिटांत निम्मं संपतं, रंग बघायला कोण वाकतं? एचपीएलसीवरही (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) आम्ही गॅमाचंच शिखर बघायचो. शिखर एकच, सुरेख. गॅलियम डोटात (त्याला धरून ठेवणारा चिलेटर) पक्कं, पेप्टाइड गाठीला चिकटतंय, त्यामुळे पेटमध्ये उंदराची गाठ लख्ख. रंग दाखवणारी ७८० नॅनोमीटरची रेघ मात्र मी उघडलीच नाही. कॅमेऱ्यात गाठ मिणमिणली की दोष कॅमेऱ्याला, कातडीला. खाद्यातलं हरितद्रव्य चमकतं म्हणून उंदरांचा आहारसुद्धा बदलला! त्यांनीच मला शिव्या घातल्या असतील.

सर म्हणतात, पेटचे निकाल छान आहेत, तेवढेच लिही. अगं, मग दुहेरी काय उरलं? पेटने गाठ कुठे आहे ते आधी सांगायचं आणि टेबलावर सर्जनला तिची कड उजेडाने दाखवायची, हाच तर सगळा खटाटोप. तो उजेड जेमतेम सेंटीमीटरभर आत पोचतो, त्यातही आमचा रंग मेलेला.

तुझं 'शेवटी'ही जमणार नाही हं. गॅलियमनंतर रंग जोडत बसले तर घड्याळ सगळं खाईल. डोटा काढून एचबेड-सीसी घालायचं, प्रोस्टेट कर्करोगाच्या पेट स्कॅनसाठीच्या पीएसएमए-११ मध्ये आहे तेच. ते गार असतानाही गॅलियम धरतं. पण चिलेटर बदलला की रेणू शरीरात वेगळा फिरणार. म्हणजे आधीचे सगळे उंदीर फुकट गेले. रात्री तेच मोजत बसते.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराला दात आले का? मेसवाले काका ठाण्यात भेटले, तुलाच विचारत होते, मला नाही.

आपली प्रोजेक्टची निळी वही तुझ्याकडेच आहे ना? रंगाच्या पानाचा फोटो पाठव. "मी म्हटलं होतं" हे एकदाच म्हण.

तुझी,
शुभा