उजवी बाजू गेली म्हणजे समज गेली असं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, 'हां' आणि 'बाई बाई' एवढंच उरलं. तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा कॉटशेजारी बसून त्यांच्या तोंडावरच मला विचारतो, "त्यांना आता काय कळतंय का?" जीव तुटतो हो ऐकून. डिस्चार्ज देताना स्पीच थेरपी म्हणून काही असतं हेसुद्धा कुणी सांगितलं नाही, चार महिने असेच वाया गेले.

मागच्या छाटणीनंतरची गोष्ट. मी बागेतनं आले आणि सहज बोलले, "अण्णा, आज बाया फेलफूट काढायला लावल्यात." फेलफूट म्हणजे वेलीवरची नको असलेली कोवळी फूट, ती बोटांनी खुडतात. तर चादरीवर त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा न् बोट जवळ आलं आणि खुडल्यासारखं हललं, दोनदा. चाळीस वर्षं बागेत काढलेला हात तो, त्यानं शब्द ओळखला असं मला वाटलं. मग मी वाचायला लागले.

२००४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून नुसते शब्द वाचायला दिले, चाटणे, वेचणे, लाथ मारणे अशा अर्थाचे. हात-पाय हलवायचे नव्हते, तरी हाताचा शब्द वाचला की मेंदूतला हात हलवणारा भाग आणि त्याच्या शेजारचा भाग जागा व्हायचा, पायाच्या शब्दाला पायाचा. पार्किन्सन म्हणजे हालचाली मंदावणारा आजार, त्याच्या पेशंटमध्येही औषधाचा असर नसताना हालचालीच्या क्रियापदांवरची मेंदूची प्रक्रिया बिघडते आणि औषध दिलं की सुधारते, असं २००८ मध्ये दिसलं.

पण म्हणून हात गेला की त्या शब्दाचा अर्थही गेला असं कुणी समजू नका. यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, आणि जन्मापासून हात नसलेल्या माणसालाही 'उचल' म्हणजे काय ते कळतंच की. आमच्या अण्णांना बेदाण्याचा दर पडल्याचं सांगितलं तेव्हा हात अजिबात हलला नाही, डोळे भरले. दराला कुठला हात लागतो? अर्थ मेंदूत एका जागी नसतो, बोलता येणं वेगळं न् समजणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी विनंती अशी की आपल्या पेपरनं आरोग्याच्या पानावर यावर सविस्तर लिहावं, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातनं एक दिवस तरी स्पीच थेरपिस्ट बसावा, दरवेळी गाडी करून सांगलीला नेणं प्रत्येकाला जमत नाही. आणि अशा घरी भेटायला जाणाऱ्यांनी आधी पेशंटशी बोलावं. आमच्याकडे येणार असाल तर खुर्ची अण्णांच्या डाव्या हाताला घ्या, उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही.

आपली,
एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली