खुराड्याच्या झाकणावरचा क्यूब

खारघर,
रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आईस सा. नमस्कार.

परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं. आधी रेंज गेली आणि रेंज आल्यावर बाबा गेले, "तुझे हाल बघितलेत मी, आता पोराचे नकोत" एवढं बोलून. मग आईने फोन घेतला आणि विषय फणसावर नेला. आई, तू विषय बदलतेस तेव्हा तुझा आवाज एक पट्टी चढतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. बुधवारी दादाचा मित्र गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर मला हे जमत नाही, बाबा "बरं बरं" करायला लागले की मी पण "बरं बरं" करते.

विषय दादाच्या चिनूचा. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, कॉलेज आणि शाखांच्या पसंतीचा, शुक्रवारपर्यंत भरायचाय. त्याला सिव्हिल हवंय. दादाला कॉम्प्युटर हवंय, नाव काही का असेना, शेवटी एआय असलं की झालं. वहिनीला कॉलेज ठाण्याच्या आसपास असलं म्हणजे पुरे. आणि सगळे जण तुमच्या एका शब्दासाठी थांबलेत, बाबा. तुमच्या "नको"च्या मागे कुठला दिवस आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२०१२ चा जुलै. उलव्याची साइट. तेव्हा तिकडे रेल्वे नव्हती, खारकोपरपर्यंत पहिली लोकल २०१८ च्या नोव्हेंबरात आली. स्लॅबचं काम चालू असताना काँक्रीटचा पंप चोक झाला, रात्रभर काम लांबलं, माझा फोन बंद पडला. सकाळी तुम्ही डबा घेऊन कळव्याहून निघालात, ठाण्याला गाडी बदलून नेरुळ, पुढे बस आणि त्याच्यापुढे चिखलातून चालत. हेल्मेट नाही म्हणून वॉचमनने तुम्हाला गेटवरच अडवलं. छत्री धरून तासभर उभे होतात. तिथून तुम्हाला काय दिसलं? गुडघाभर चिखलात तुमची मुलगी, केसांत सिमेंटचं पाणी, आणि एक मिक्सरचा ड्रायव्हर तिला नको नको ते बोलतोय. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "पोरीला चिखलात नेऊन उभी केली आपण." मी मोरीत पाय धूत होते. मला ऐकू आलं होतं.

त्या ड्रायव्हरशी भांडण कशाचं होतं, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. गाडी आली की काँक्रीटचा स्लम्प बघतात. ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू भरायचा, शंकू वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. आमचं १०० च्या आसपास बसायला हवं होतं. त्या गाडीचं काँक्रीट पेजेसारखं पसरलं. वाटेत गाडी अडकली म्हणून पठ्ठ्याने ड्रममध्ये पाणी सोडलं होतं. पाणी वाढलं की काँक्रीट ओतायला सोपं जातं आणि ताकदीला मार खातं. तुम्ही आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये मायक्रोमीटर हातात धरलात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. मी गाडी परत पाठवली. कॉलेज सुटून दोन महिने झाले होते, पगार नऊ हजार, आणि भीतीने माझे पाय लटपटत होते. ते तुम्हाला गेटवरून दिसलं नसणार. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी आली की मुकादम स्वतःच तो शंकू धुऊन आणून ठेवायला लागला.

आता ते रंगीत माहितीपत्रक. दादाने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं ते मीही पाहिलं. "शंभर टक्के प्लेसमेंट", आणि खाली पाच चांदण्या, विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या. बाबा, मी स्वतः असल्या शंभर टक्क्यांमध्ये होते. शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये एक सॉफ्टवेअर कंपनी आली, सगळ्या शाखांची पोरं घाऊक घेतली, मलाही ऑफर लेटर दिलं. आई, तू देवापुढे ठेवलं होतंस ते. जॉइनिंगची तारीख पुढे पुढे गेली आणि शेवटी आलीच नाही. पण कॉलेजच्या लेखी मी लागले होते. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात माझा पासपोर्ट फोटो आणि खाली त्या कंपनीचं नाव. वर्गातल्या एकीने तो मला पाठवला तेव्हा मी गमबूट घालून पंपाच्या पायपाला लटकले होते.

टक्केवारी सांगतात तेव्हा वरचा आकडा सगळे बघतात, छेदात कोण आहे ते कुणी विचारत नाही. ज्यांना केटी होती, म्हणजे एखादा विषय राहिला होता, ते "पात्र" नव्हते, म्हणून छेदातून बाहेर. पुढे शिकणार म्हणाले ते बाहेर. जिचं लग्न ठरलं तीही बाहेर. उरले त्यांच्यातले शंभर टक्के.

आणि समाधानाचं म्हणाल तर, शेवटच्या सेमिस्टरला नो-ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या, कागदावर सही हवी असेल तर आधी फीडबॅक फॉर्म भरा, असं ऑफिसमधून सांगितलेलं. खिडकीशी उभं राहून, क्लार्कच्या डोळ्यांसमोर. वीस प्रश्न. माझ्या पुढच्या मुलीने "प्रयोगशाळेची साधने" याच्यापुढे "साधारण" वर खूण केली, तर तो म्हणाला, "मॅडम, कशाला स्वतःचं काम वाढवताय?" तिने खोडलं. मी पाहूनच शहाणी झाले आणि वीसही "उत्तम" केले. त्या लॅबमधल्या मोठ्या यंत्रावर, ज्याच्यात सळई ताणून तोडतात, चार वर्षं प्लास्टिकचं कव्हर होतं. एकदा सरांनी सळई तोडून दाखवली, साठ जणांनी लांबून पाहिली आणि जर्नलमधली रीडिंग्ज सीनियरच्या फाइलमधून उतरवली. मीही उतरवली.

मावशीच्या लेकीने इंग्लंडला सिव्हिल केलं, तिला मुद्दाम विचारलं. तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांची देशभर पाहणी होते आणि ती कॉलेज करत नाही, बाहेरची संस्था करते. वर्गातल्या निम्म्यांनी तरी उत्तरं दिली पाहिजेत आणि ते किमान १० जण पाहिजेत, नाहीतर त्या कोर्सचा आकडा छापतच नाहीत. गंमत म्हणजे "एकूणात समाधानी आहात का" हा प्रश्न इंग्लंडने २०२३ पासून काढूनच टाकला. शिकवणं कसं, तपासलेलं वेळेत मिळतं का, असं नेमकं विचारतात. आणि नोकरीचं विचारतात ते पदवी संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी, आमच्यासारखं निकालाआधी नाही. ती म्हणाली, "मला मेल आला तेव्हा मी पहिली नोकरी सोडून दुसरीत होते." मला १५ महिन्यांनी विचारलं असतं तर मी काय लिहिलं असतं? बहुतेक शिव्याच.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. कॉलेजांच्या केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत १०० पैकी २० गुण याच गोष्टीला आहेत, किती वेळेत पास झाले, किती कामाला लागले, मधला पगार किती. मधला म्हणजे सरासरी नव्हे, सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा. म्हणजे एखाद्याला परदेशात गडगंज मिळालं तरी आकडा फुगत नाही. कॉलेजने दिलेली ही माहिती त्यांच्या वेबसाइटवर असते, दादाला काढून दिली. पण तिथे चार वर्षांच्या पदवीच्या सगळ्या शाखा एकत्र धरतात. कॉम्प्युटरच्या पगारांत सिव्हिलचे पगार बुडून जातात, दिसतच नाहीत. एनबीए म्हणून अभ्यासक्रम तपासणारी संस्था आहे, तिची मान्यता मात्र शाखेला असते, कॉलेजला नाही. दारावरच्या पाटीवर एनबीए लिहिलं असेल तर कुठल्या शाखेचं, ते विचारायला मी दादाला सांगितलंय.

गेल्या शनिवारी मी आणि चिनू नवी मुंबईतली दोन कॉलेजं बघून आलो. नावं लिहीत नाही. मी फक्त एकच गोष्ट बघणार होते, काँक्रीट लॅबमधली क्युरिंगची टाकी. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, साच्यातून काढले की पाण्यात ठेवावे लागतात, ७ दिवस, २८ दिवस. पहिल्या ठिकाणी काचेचं प्रवेशद्वार, कॉफीचं मशीन, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले समुपदेशक. लॅबची किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली. टाकीत मोडक्या खुर्च्या. दुसऱ्या ठिकाणी भिंतीचे पोपडे निघालेले, पंखा कुरकुरत होता, पण टाकीत पाणी होतं आणि पाण्यात क्यूब होते, प्रत्येकावर रंगाने तारीख घातलेली, त्यातली एक त्याच आठवड्यातली. तिथल्या लॅब असिस्टंट मामांनी चिनूला बाही वर करून एक क्यूब उचलायला लावला. आठ किलो. त्याच्या हातून सटकता सटकता राहिला.

दादा म्हणतो, तुझ्या वर्गाचं काय झालं ते सांग. सगळ्या वर्गाचं नाही, पहिल्या बाकावरच्या आम्हा सहा जणींचं सांगते. एक महापालिकेत ज्युनिअर इंजिनीअर आहे, तिसऱ्या परीक्षेत लागली, तोवर घरच्यांचे टोमणे खाल्ले. एक मस्कतला, नवऱ्याबरोबर गेली आणि तिथे त्याच्या आधी हिलाच नोकरी मिळाली. एक सॉफ्टवेअरमध्ये, आणि मजेत आहे, खोटं कशाला बोलू. एकीचं डोंबिवलीत सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान, सळईचा भाव आमच्या परचेसवाल्यापेक्षा तिला आधी कळतो. आणि आमची टॉपर. ती साइटवर अकरा महिने टिकली. बारा मजली बांधकाम, बायकांसाठी संडास नाही. दिवसभर पाणी न पिता राहायची, दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, सोडलं. आता पहिल्या वर्षाच्या मुलांचे मेकॅनिक्स आणि ड्रॉइंगचे क्लास घेते. सहावी मी.

ग्रुपवर विचारलं होतं, पुन्हा सिव्हिल घ्याल का गं? दोघींनी लगेच "हो" लिहिलं. टॉपरने सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात ना हो आहे, ना नाही. मी तो तीनदा ऐकला.

तेव्हा बाबा, तुमचं म्हणणं चूक नाही. सुरुवातीचा पगार कमीच असतो, कॉम्प्युटरवाल्यांच्या शेजारी बसलं की लाज वाटण्याइतका. रविवार नक्की नाही. बिल अडकलं की कंत्राटदार पगार अडकवतो, माझा एकदा तीन महिने अडकला होता आणि मी तुमच्याकडे ट्रेनच्या पासाचे पैसे मागितले होते. हे सगळं मी चिनूला सांगितलंय. नुसतं सांगितलं नाही, त्याला दोन दिवस साइटवर नेलं, भर पावसात. पहिल्या दिवशी त्याचा बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मी समजून चालले होते, तर हा सहा वाजता दारात. येताना विचारतो, "आत्या, इथे खाडीचा गाळ आहे तर बिल्डिंग खाली जात नाही का?" मी म्हटलं, जाते, म्हणून आधी गाळातलं पाणी काढतात, पाइल, म्हणजे जमिनीतले खोल खांब, खाली खडकात नेतात. घरी येईपर्यंत तेच चाललं होतं.

आठवतं, अटल सेतू सुरू झाल्यावर तुम्हाला गाडीतून नेलं होतं? पावणेबावीस किलोमीटर. आई फ्लेमिंगो शोधत होती आणि तुम्ही बाहेर न बघता विचारलंत, "हे खांब पाण्यात उभे कसे करतात?" मी पलीकडच्या टोकाला चिर्ल्यापर्यंत बोलत होते. चिनूने विचारलं ते तुमच्याच वळणावर गेलंय.

त्याने दुसरं कॉलेज, पोपडेवालं, सिव्हिल, पहिल्या क्रमांकावर टाकायचं ठरवलंय. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, नंतर मागे फिरता येत नाही. म्हणून दादा घाबरलाय. तुम्ही त्याला "घे" म्हणा असं मी म्हणत नाही. त्याने पुढच्या वर्षी मला शिव्या घातल्या तर त्या मी खाईन. पण माझ्या त्या गेटवरच्या सकाळीसाठी "नको" म्हणू नका. गुरुवारी रात्री दादाला फोन करा. रेंज नसेल तर वरच्या आळीत देवळापाशी जाऊन करा, आईला बरोबर न्या, तिचे गुडघे आता बरे आहेत म्हणे.

गणपतीला येते.

तुमची
धाकटी

ता. क. त्या दिवशी उलव्याहून निघताना तुम्ही एक जास्तीचा क्यूब मागून घेतला होतात. डब्याच्या पिशवीत घालून आठ किलोचं ते ओझं कळव्यापर्यंत आणलंत, आणि मग घर हलवताना गावी. आई म्हणाली, तो हल्ली कोंबड्यांच्या खुराड्याच्या झाकणावर असतो. त्याच्या एका बाजूला मी खिळ्याने तारीख कोरली होती. घाण पुसून वाचता आली तर चिनूला सांगा, त्याला हवी आहे.