हळद पहिली आत्याची

डॉर्चेस्टर, इंग्लंड

ती. मायीस साष्टांग नमस्कार.

फोनवर तुझ्याजवळ कोणी ना कोणी असतंच, म्हणून लिहिते. एकटी असशील तेव्हा वाच.

परवा इथं एक नाटक पाहिलं, थॉमस हार्डीच्या १८९१ सालच्या कादंबरीवरचं. हार्डी याच भागातला. टेस नावाची गरीब घरची पोर. मायबाप तिला श्रीमंतांच्या वाड्यावर कामाला धाडतात, तिथला पोरगा तिला नासवतो. मूल होतं अन् जातं. पाद्री रीतीनं माती देऊ देत नाही, म्हणून दारुडे अन् जीव दिलेले पुरतात त्या कोपऱ्यात त्याला रात्री पुरतात. पुढं तिचं लग्न होतं. पहिल्याच रात्री नवरा कबूल करतो, की आपण एका बाईसोबत दोन दिवस राहिलो होतो. ती लगेच माफ करते. मग ती आपलं सांगते, तर तो तिला टाकून परदेशी निघून जातो. शेवटी ती फासावर जाते.

पण मला रडू फुटलं ते त्याआधीच. नवऱ्यानं टाकलेली टेस गारठलेल्या वावरात दुसऱ्याचे सलगम उपटत होती, अन् मला आत्या दिसली. शेंगा फुटू नयेत म्हणून पहाटेच्या दवात तुरी सोंगायला निघालेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेली.

कोणीतरी आत्याच्या नवऱ्याचे कान भरले अन् वीस वर्षांच्या पोरीला त्यानं माहेरी आणून सोडलं. वर्षाच्या आत दुसरी केली. त्या लग्नात आपल्या गावची माणसंही जेवून आली ना, माय? त्याला कोणी काही म्हटलं नाही. आत्या मात्र आजही ‘टाकलेली’च.

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच ‘स्त्रीपुरुष तुलने’त हे विचारलं होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली (ती पुढं कमी झाली), अन् पेपरवाले साऱ्याच बायांना नावं ठेवू लागले. तेव्हा ताराबाई चिडून लिहायला बसल्या. जे दोष बायांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? हार्डीच्या नऊ वर्षं आधी, अन् एका बाईनं स्वतः लिहिलेलं. मला हे जास्त मोठं वाटतं.

माझ्या हळदीच्या दिवशी आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. मी पाटावरून पाहिलं अन् गप्प बसले. ते मला अजून टोचते.

बंडूच्या लग्नात पहिली हळद आत्यानं लावावी. पाच सवाशिणी नंतर. बाबांशी मी बोलते, मोठी आई चिडली तर तिचंही मी ऐकून घेईन. तू फक्त आत्याचा हात धरून तिला मांडवात आण.

पैसे पाठवते आहे. मेहकरच्या बाजारातून तिला लुगडं घे, जांभळं. तिला जांभळा रंग आवडतो, लहानपणी एकदा वावरात तिनंच सांगितलं होतं.

तुझी,
मंदा