नव्या गाडीचे ब्रेक का किंचाळतात?

महोदय,

पावसाळा सुरू झाला की ‘गाडी नवी, तरी ब्रेक ओरडतात’ ही तक्रार गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. रात्रभर भिजलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, गंजाचा पातळ थर येतो. सकाळच्या पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये आवाज गेला, तर काहीच करू नये.

आवाज गेला नाही, तर डिस्कला दाबून धरणारे पॅड काढून पाहावेत. घाटात किंवा वाहतूक कोंडीत ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा चकचकीत होतो. मग तो डिस्कला नीट पकडत नाही, थरथरतो आणि किंचाळतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ही चकाकी घालवावी, पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ कराव्यात. पिनांना आणि पॅडच्या फक्त पाठीला ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस बोटभर नव्हे, पुसटसे लावावे. पॅड बसवल्यावर ब्रेक कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा, मगच गाडी हलवावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवला की पॅड डिस्कला बसतात.

डिस्कवर तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारण्याचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. आवाज थांबेल, गाडी थांबणार नाही! असा तेलकट पॅड घासत बसू नये, बदलावाच.

किंचाळण्याऐवजी खरखर येत असेल, तर पॅडची जाडी तपासावी. पॅडचे डिस्कवर घासणारे अस्तर दोन मिलिमीटरच्या खाली गेले असल्यास गाडी चालवू नये. वॉरंटीतील गाडी असल्यास ही तक्रार जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्यावी.

– एक गॅरेजचालक, सातारा